तात्यांचं मौन

कुंडल, २५ ऑगस्ट २०२०

प्रीतीला दादाचा जय जिनेंद्र.

चिठ्ठी बघून हसू नगंस. पर्युषण पर्वाचे दहा दिवस मी मोबाइल सोडलाय. नियमच घेतलाय, बंद करून कपाटात टाकलाय. गुंडा रोज दुधाचा टेम्पो घेऊन सांगलीला येतो, त्याच्याजवळ हे देतोय. तुझ्या दवाखान्याच्या फाटकावर ठेवील. उत्तर त्याच्याच हाती दे.

तात्यांचं दर सालासारखं चाललंय. दहा दिवस मौन आन् दिसातनं एकदा जेवण. यंदा देवळं बंद, म्हणून मळ्यातल्या घरात वरच्या खोलीत बसत्यात. काय पाहिजे ते पाटीवर लिहित्यात. एकाहत्तर वय झालं, पण पोथी वाचायला अजून चष्मा लागत न्हाई. परवापासनं जरा कणकण हाय, कोरडा खोकला हाय. काल पाटीवर लिहिलं, आमटीला चव न्हाई. तुझी वहिनी गुणमाला दिवसभर फुगून बसली हुती.

गुणमाला म्हणती, तपासून घ्यावं. मी म्हटलं, कशाला विकतचं दुखणं? पॉझिटिव्ह निघालं की दाराला पत्रे ठोकत्यात, आन् द्राक्षबागेची आगाप छाटणी तोंडावर आलीया. एक मजूर फिरकायचा न्हाई. पावसाळी हवा हाय, काढा देतोय, जाईल.

आन् एक सांगायचं. तू इकडं येऊ नगंस. राग मानू नगंस, पण तू कोरोनाच्या दवाखान्यात स्कॅनच्या मशीनवर असतीस हे गावात सगळ्यांना ठावं हाय. लोक नको ते बोलत्यात. पर्व झाल्यावर बघू.

सम्मेददादा


सांगली, २६ ऑगस्ट २०२०

दादा,

गुंडाला फाटकावर थांबवून घाईत लिहितेय.

आमटीला चव नाही हे मी दोनदा वाचलं. वहिनीच्या आमटीला काय धाड भरलीय? हा तोच आजार आहे. दिवसाला चाळीस छात्यांचे स्कॅन काढते मी, मला कुणी सांगायला नको. आजच्या आज तपासणी कर. बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र आण. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला की तात्यांना गाडीत घाल आणि इकडे आण. छाटणी गेली खड्ड्यात.

आता पुढचं नीट वाच. लोकांना वाटतं हा नुसता छातीचा आजार. जो तो 'स्कोअर किती आला' एवढंच विचारतो. पण यात रक्त घट्ट होतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की अर्धांगवायू. या आठवड्यात आमच्याकडे असे तिघं आले. एक माण तालुक्यातला, मुंबईला टॅक्सी चालवणारा, बेचाळीस वर्षांचा. साताऱ्यात खाट मिळाली नाही म्हणून इथं आणला. आला खोकल्याचा पेशंट म्हणून. छातीच्या स्कॅनसाठी आत सरकवताना मला म्हणतो, "ताई, माझा उजवा हात कुठं गेला बघा की." हात त्याच्याच अंगाखाली होता. तसाच डोक्याचा स्कॅन केला. वेळेत होता, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. आज तो चहा मागतोय.

वेळेत म्हणजे साडेचार तासांत. त्यानंतर ते इंजेक्शन देत नाहीत. दिलं तर डोक्यात रक्त फुटून माणूस जातो.

म्हणून रोज सकाळी तात्यांना हसायला लाव, तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का बघ. दोन्ही हात वर करायला लाव. आणि चार शब्द बोलायला लाव. मौन आहे हे मला माहीत आहे, पण णमोकार तर म्हणू दे. देवाचं नाव घेतल्यानं कुणाचं मौन मोडत नाही.

आजपासून आठवडाभर माझी सलग ड्यूटी आहे. राहणं, खाणं सगळं आतच. वहिनीला रोज फोन करीन. काही वाटलं तर तिच्या फोनवरून मला सांग. तुझा नियम तुझ्यापाशी ठेव.

प्रीती


कुंडल, २९ ऑगस्ट २०२०

प्रीतीस,

तू उगा भ्यालीस. यंत्र आणलं, सत्त्याण्णव दाखवतंय. ताप उतरलाय. तपासणीची गरज पडली न्हाई.

तात्यांचं यंदाचं व्रत बघशील तर हात जोडशील. गुरुवारपासनं पाटीवरचं लिहिणंबी सोडलंय. पेन्सिल दिली तर दोन वाकड्या रेघा मारल्या आन् टाकून दिली. म्हंजे अक्षराचाबी त्याग. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला, तासन् तास हलवत न्हाईत. ताट पुढं नेलं की मान फिरवत्यात. पाणी पाजलं तर तोंडाच्या कडंनं सोडून देत्यात. नजर एका जागी. तू सांगितलंस म्हणून मी म्हटलं, तात्या, हसा. तर गालातल्या गालात हसले, एकाच बाजूनं. आपल्या तात्यांचं हसणं पहिल्यापासनं तसलंच हाय.

काल सुगंध दशमीला देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष नानासो येऊन जिन्यातनंच दर्शन घेऊन गेले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, असलं मौन उभ्या हयातीत बघितलं न्हाई. देवळं उघडली की समाजातर्फे सत्कार करायचा म्हणत्यात. त्यांच्या मागनं बरीच माणसं येऊन गेली. सगळ्यांना लांबनंच दाखवलं. आपल्या मळ्याकडं एवढी माणसं या आधी कवा आली हुती सांग.

सम्मेददादा


सांगली, ४ सप्टेंबर २०२०

दादा,

सवयीनं 'दादा' लिहिलं. खोडत नाही, पण तसं म्हणावंसं आज वाटत नाही.

आम्ही आत ड्यूटीवर असलो की बाहेरून आलेला कागद फाटकावर तीन दिवस उन्हात ठेवतात, मग आत देतात. तुझी एकोणतीसची चिठ्ठी मला एक तारखेला संध्याकाळी मिळाली. उभ्यानंच वाचून काढली. तोपर्यंत मी रोज वहिनीला फोन करत होते आणि ती रोज "बरं हाय" म्हणत होती. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, दादा शेजारी आहे का? ती पुन्हा "बरं हाय" म्हणाली. मोबाइल सोडलेला माणूस बायकोच्या मोबाइलला कान लावून बसला होता तर. अँब्युलन्स मिळायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, आणि तीही मी पाठवली, तू नाही.

दोन तारखेला दुपारी साडेतीनला तात्या माझ्या टेबलावर आले. मी पांढऱ्या किटमध्ये, नाकडोळे झाकलेले, त्यांनी ओळखलं नाही. कानाशी जाऊन म्हटलं, तात्या, मी प्रीती. डावा हात वर आला आणि त्यांनी माझा हातमोजा घट्ट धरला. उजवा तसाच पडलेला. स्कॅन काढायचा म्हणजे डोकं पट्ट्यानं बांधावं लागतं. मी माझ्या बापाचं डोकं बांधलं आणि काचेमागं जाऊन बसले.

तू कॅज्युअल्टीत डॉक्टरांना काय सांगितलंस ते मला अजून कळलेलं नव्हतं. चिठ्ठीवरून अंदाज होता, तरी समोर चित्र उमटलं तेव्हा आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचं आहे. नऊ वर्षं हे काम करतेय. झटका ताजा असेल तर पहिल्या काही तासांत डोक्याचा स्कॅन जवळजवळ स्वच्छ दिसतो. तात्यांच्या मेंदूची डावी बाजू काळी पडली होती. कडा ठळक, आणि सूज इतकी की मधली रेघ उजवीकडे ढकलली गेलेली. बोलणं तिथंच असतं, दादा. उजवा हात, उजवा पाय, सगळं तिथं.

तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला. इंजेक्शन तयार आहे, रक्तस्राव नाही ना तेवढं सांगा, नातेवाईक म्हणतात सकाळी अकराला सुरू झालं. साडेतीनला आलास आणि म्हणालास अकराला! साडेचार तास बरोबर मोजून आलास. माझ्याच पत्रातनं शिकलास, आणि त्याच्या पुढचं वाक्य गाळलंस. मी मोठ्या डॉक्टरांना ओढत आणलं. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे पाच-सहा दिवसांचं आहे. सुई टोचू नका, मरेल तो." नर्सच्या हातात सिरिंज भरलेली होती.

आजाराची मला किळस येत नाही. उलट्या, थुंकी, सगळं रोज अंगावर घेते. काल रात्रीचं जेवण मला गेलं नाही ते तुझ्या चिठ्ठीमुळं. अक्षराचा त्याग म्हणे! गालातल्या गालात हसले म्हणे! ओठ लोंबलेल्या, लाळ गळणाऱ्या बापाला जिन्यातनं लोकांना दाखवत होतास तू. शिसारी येते.

तात्या जगलेत. कोरोना निघालाच. नाकातून नळी घालून अन्न देतात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता एकच विचारते आणि खरं सांग. तुला कधी कळलं?

प्रीती


कुंडल, ६ सप्टेंबर २०२०

प्रीती,

आमच्या दाराला पत्रे ठोकले. ज्याला भ्यालो तेच झालं. मी आन् गुणमाला दोघंबी पॉझिटिव्ह, पण अंगावर काय न्हाई.

यंदा क्षमावणीला कुणाच्या दारात जाता आलं न्हाई. म्हणून तुला लिहितोय. मनानं, वाचेनं, देहानं माझ्या हातनं जे घडलं त्याची तुझ्याकडं आन् तात्यांकडं क्षमा मागतो.

आईची आण घेऊन सांगतो, पहिले दोन दिवस मला खरंच व्रत वाटलं. तू म्हणशील डोळे फुटले हुते का. पण तात्यांनी मागल्या सालीबी आठव्या दिवशी पाटी बाजूला ठेवली हुती. शनिवारी तुला चिठ्ठी लिहून झाल्यावर त्यांना उठवून बसवायला गेलो तर अंग सगळं उजवीकडं कलंडलं. तवा कळलं. पण तवर नानासो येऊन गेलेले, गावभर झालेलं. आता कुठल्या तोंडानं सांगू की ह्यो झटका हाय? आन् दवाखान्यात गेलेलं माणूस प्लॅस्टिकात गुंडाळून परत येतंय. तोंडबी बघू देत न्हाईत. मला वाटलं, जे व्हायचं ते घरात, णमोकार ऐकत व्हावं.

अकराचं खोटं सांगितलं ते इंजेक्शन मिळावं म्हणून. दुसरं काय मनात नव्हतं. मी काय शिकलेला हाय का तुझ्यासारखा?

एकच मागणं हाय. नानासोंना यातलं काय सांगू नगंस. त्यांना वाटतंय पर्व संपल्यावर दुसऱ्या दिवशी झटका आला. सत्काराचं समद्यांनी मनावर घेतलंय. झाकली मूठ ऱ्हाऊ दे. तात्यांच्याच नावाला शोभा हाय.

सम्मेददादा


कुंडल, १२ सप्टेंबर २०२०

वन्सं, गुणमालेचा नमस्कार.

ह्यांनी तुमाला काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं न्हाई, पण मला अंदाज हाय. शनिवारी कळलं असं लिहिलं असंल. म्हणून मी लिहितीया. हे पत्र गुंडाला मी परस्पर दिलंय.

गुरुवारी सकाळी मी गरम पाणी घेऊन वर गेले तर मामंजी खाटंच्या खाली. डाव्या हातानं पाटी फरशीवर आपटत हुते, तोच आवाज ऐकून ह्येबी वर आले. मामंजींचं तोंड वाकडं झालेलं. बोलायला बघत हुते, वन्सं. मौन सोडून बोलायला बघत हुते. घशातनं नुसतं "सं, सं" असं काय तरी येत हुतं, डोळं ह्यांच्याकडं लागलेलं, आन् डाव्या हातानं ह्यांचं धोतर धरलेलं. मी म्हटलं, आवं गाडी काढा, वन्संनी सांगितलंय तेच हे.

ह्ये खाली बसले. मामंजींच्या तोंडावर हात ठेवला आन् म्हणाले, "तात्या, बोलू नगासा. पाच दिवस झाले, आता मौन मोडू नगा."

मामंजी गप झाले. पुन्हा आवाज काढला न्हाई त्यांनी. ह्यांनी खाटंवर निजवलं, तोंड पुसलं, मला म्हणाले, बाहेर शब्द गेला तर बघ. छाटणीची माणसं शुक्रवारी यायची हुती. आली बी. सहा दिवस मी मामंजींच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत हुते आन् तुमाला फोनवर बरं हाय म्हणत हुते. मला क्षमा मागायची न्हाई. मला क्षमा मागायला तोंड न्हाई.

एवढंच विचारायचं हाय. ते काय मागत हुते? पाणी म्हणावं तर पाणी माझ्या हातातच हुतं, ते त्यांनी ढकललं. मला झोप लागत न्हाई, वन्सं. तुमाला ते शिकवलेलं असंल तर सांगा.

गुणमाला


कुंडल, २२ नोव्हेंबर २०२०

प्रीती,

दोन महिने झाले, तुझा कागद न्हाई, फोन उचलत न्हाईस. तात्यांना दवाखान्यातनं परस्पर तुझ्या क्वार्टरवर नेलंस. मी दोनदा खाली येऊन गेलो. वॉचमनानं वर सोडलं न्हाई. तुझंच सांगणं असंल.

पाडव्याला देवळं उघडली. काल सत्कार झाला. मी नानासोंना सांगायला गेलो हुतो, खोटं बोलत न्हाई. म्हटलं, त्यातलं थोडं वेगळं हाय. ते म्हणाले, सम्मेद, फलक छापून झालाय, आता वेगळं काय नको. तात्यांच्या वतीनं मीच शाल घेतली. माझ्या डोळ्याला पाणी आलं तर लोकांना वाटलं आनंदानं आलं.

शाल गुंडाजवळ धाडतोय. थंडी पडायला लागली, तात्यांच्या अंगावर घाल. फोटो तुझ्या मोबाइलवर टाकलाय.

सम्मेददादा


सांगली, २७ नोव्हेंबर २०२०

दादा,

शाल गुंडाच्या हाती परत पाठवलीय. फाटकावरूनच. आत आणवली नाही. फोटो बघितला. फलकावर 'मौनव्रती' लिहिलंय, खाली नारळ धरून तू, आणि नानासोंचा हात तुझ्या पाठीवर. मोबाइल पालथा ठेवला. थोडं वेगळं आहे म्हणालास त्यांना! एवढ्यावर सुटलास होय?

नानासोंना मी काल सगळं सांगितलं, तारखेसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, आता झालं गेलं. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. निदान इथून पुढं त्यांना माहीत नव्हतं असं ते म्हणू शकणार नाहीत.

तात्यांचं विचारलं नाहीस, नुसती शाल धाडलीस. तरी सांगते. काठी धरून चार पावलं टाकतात. नळी काढली, मऊ भात गिळतात. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून तीनदा येते. पाठ असलेलं त्यांना म्हणता येतं, कारण ते मेंदूत दुसरीकडं असतं म्हणे. णमोकार पाचही ओळी खणखणीत म्हणतात. ते संपलं की पाणी हवं असतं आणि पाणी म्हणता येत नाही. मग तांब्याकडं बघून रडतात. हे तुमचं मौनव्रत. नानासोंना एकदा दर्शनाला घेऊन ये.

परवा तुझं क्षमावणीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. माझ्या मनात नव्हतं. पण क्षमा ज्याच्याकडं मागितली त्याच्यापर्यंत ती पोचवायची असते, हे त्यांनीच शिकवलंय आपल्याला. मग वहिनीचं पत्रही वाचलं, एक अक्षर न गाळता. त्यांनी सगळं ऐकलं. तोंड उघडलं. शब्द येईना. घाम फुटला, मान थरथरायला लागली. राहू द्या तात्या, असं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण ते मी गिळलं. त्यांना एकदा गप्प केलेलं पुरे होतं. समोर बसून राहिले. पाऊण तास गेला असेल.

मग म्हणाले, "सम्मेद."

रागानं नाही. तू शाळेतून यायला उशीर करायचास आणि ते मळ्याच्या वाटेवर येऊन हाक मारायचे, तशी मारली. पुढचं काही आलं नाही. पुन्हा तेच म्हणाले आणि दाराकडं बघत बसले.

मी तुला क्षमा केलेली नाही, करीन असंही वाटत नाही. वॉचमनला मात्र सांगून ठेवलंय, आलास तर वर सोडतील. ये, पण हात मोकळे घेऊन ये, शाल-नारळ नको.

आणि ते काय मागत होते म्हणून वहिनी तीन महिने झोपली नाही. तिला मी आज फोन करून सांगितलं, तुलाही सांगते. पाणी मागत नव्हते, औषध मागत नव्हते. ते तुला हाक मारत होते, दादा. पाच दिवसांचं मौन मोडून तुझंच नाव घेत होते, आणि तू त्यांच्या तोंडावर हात ठेवलास.

प्रीती